वास माझा, गोणपाट सोनीचं

मित्रांनो, बदलापूरच्या बेलवलीत वेणूताईंच्या बालवाडीत कधी आलात, तर चपला बाहेर काढून आत शिरताच ज्याच्यावर तुमचा पाय पडेल, तो मी. मी जुना गालिचा आहे. माझा लाल रंग आता विटेसारखा दिसतो. मधल्या मोठ्या फुलाची लोकर झिजली आहे, आणि एका कडेला निळ्या दोऱ्याचे टाके आहेत. माझ्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे. पण ज्या गोष्टीत दोष माझ्या पोटात होता आणि शिक्षा एका पाच वर्षांच्या मुलीला झाली, ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तरी सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे माझं पोट कशाचं बनलं आहे ते तुम्हाला समजेल.

माझा जन्म मिर्झापूरजवळच्या एका खेड्यात मागावर झाला. दोन भाऊ शेजारी बसून मला विणत. उभे धागे सुताचे, आडवे दोरे तागाचे आणि त्यांवर लोकरीच्या गाठी. लोकर वर दिसते, ताग आत राहतो. लोक माझी लोकर पाहतात, तिच्यावरून हात फिरवतात आणि तेवढ्यावरून माझी पारख करतात. तागाची आठवण कुणाला येत नाही. मलाही येत नसे.

१९८३ साली मी उल्हासनगरच्या बाजारात गोबिंदराम शेठच्या दुकानात आलो. शेठ मला रस्त्याच्या बाजूला टांगून ठेवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत, "साईं, हाथ लगाके देखो! ऐसे पे ईरान का राजा बैठता है!"

एका गिऱ्हाइकाने विचारलं, "म्हणजे हा इराणचा आहे?"

"राजा ईरान का, साईं. गालीचा मिर्झापूर का. मैंने झूठ कब बोला?"

गिऱ्हाईक हसलं आणि मला घेऊन गेलं. ते अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर होते. त्यांच्या केबिनमध्ये मी सहा वर्षं होतो. ती माझ्या मानाची वर्षं. पाहुणे आले की आधी खाली बघत, मग साहेबांकडे. कामगार दारातच बूट काढत. बॉयलरवर काम करणारे हरिचंद्र तर माझ्या कडेकडेने चालत आणि चुकून माझ्यावर पाय पडला तर हात कपाळाला लावत.

मग केबिनमध्ये एसी बसला, खाली नवी चकचकीत फरशी आली आणि साहेब म्हणाले, "हे धुळीचं घर काढा आता." महिनाभर मी स्टोअरमध्ये पिंपांमागे उभा होतो. तिथे माझी चौकशी करायला कुणी आलं नाही. शेवटी हरिचंद्रांनीच मला मागून घेतलं आणि टेम्पोत घालून बेलवलीला, आपल्या घरी आणलं आणि बायकोला हाक मारली.

"वेणू, बघ! साहेबाच्या केबिनमधला. एकदम फर्स्ट क्लास माल."

वेणूताईंनी मला पाहिलं, मग पुढची खोली पाहिली. "हा आत आला तर आपण उभं कुठे राहायचं?"

पण मला पसरल्यावर त्यांनी वाकून माझ्यावरून हात फिरवला. त्यांना बालवाडी काढायची होती आणि मुलांना थंडगार शहाबादी फरशीवर बसवायचं त्यांच्या जिवावर येत होतं. त्या आठवड्यात बालवाडी सुरू झाली.

मित्रांनो, केबिनमध्ये मला मान होता, पण माझ्यावर कुणी बसत नव्हतं. इथे अठरा मुलं बसली. माझ्या काठावरच्या फुलांतलं एकेक फूल प्रत्येकाने आपलं ठरवलं. मधल्या मोठ्या फुलाला सोळा पाकळ्या आहेत. त्यांवर बोट ठेवून बेलवलीतली कितीतरी मुलं अंक शिकली.

१९९१ च्या जूनमध्ये सोनी आली. ती डोंगराखालच्या वाडीवरची. तिची आई आवडी रोज सकाळी रानभाजी नाहीतर लाकडाची मोळी घेऊन बेलवलीत यायची, सोनीला बालवाडीत सोडायची आणि दुपारी परत घेऊन जायची. पहिले पंधरा दिवस सोनी एक शब्द बोलली नाही. भिंतीलगतच्या कोपऱ्यातलं फूल तिच्या वाट्याला आलं होतं. त्याच्यावरून ती नुसतं बोट फिरवत राहायची. सोळाव्या दिवशी की सतराव्या दिवशी, ती उठून मधोमध आली, पाकळ्यांवर बोट ठेवत गोल फिरली आणि मोठ्यांदा म्हणाली, "सोळा."

वेणूताईंनी टाळ्या वाजवल्या. बालवाडीतला तिचा पहिला शब्द माझ्या अंगावर उमटला, याचा मला फार अभिमान वाटला.

पावसाळा ओसरला आणि घट बसायचे दिवस जवळ आले. त्याआधी घरातलं एकूणएक अंथरूण-पांघरूण धुवायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. उल्हास नदीच्या काठावर त्या आठवड्यात गोधड्या, चादरी आणि घोंगड्या यांशिवाय काही दिसत नाही. आमच्या आळीत या कामाच्या पुढारी शेजारच्या बनूबाई. त्यांचा धाकटा चंदू बालवाडीत होता. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा पण काढ."

"अहो काकी, तो गालिचा आहे. गोधडी नाही," वेणूताई म्हणाल्या.

"पोरं लोळतात ना त्याच्यावर? मग अंथरूणच झालं. घटाला सगळं धुवायचं म्हणजे सगळं. देवीला काय सांगशील, एवढा एक मळका राहिला म्हणून?"

वेणूताईंनी माझी गुंडाळी केली. मी नदीवर गेलो.

बनूबाईंनी मला सोड्याच्या पाण्यात भिजवलं, दगडावर पसरून धोपाटण्याने बडवलं, नदीच्या पाण्यात खळबळून काढलं. आठ वर्षांची धूळ गेली, हे मी नाकारणार नाही. पण गोधडी दोन टोकांना धरून पिळता येते. मला चार बायकांना उचलतासुद्धा येईना. त्यांनी मला तसंच ओढत नेऊन कातळावर उताणं पसरलं. दोन दिवस ऊन आणि ढगांचा लपंडाव चालला होता. तिसऱ्या दिवशी बनूबाईंनी माझ्या लोकरीवर पालथा हात ठेवला. "वाळला खडखडीत! माझ्या हातचं धुणं आहे."

इथे थोडं थांबून नीट ऐका. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पोटात ठेवूनही हाताला कोरडी लागू शकते. शिवाय ऊन माझ्या फक्त वरच्या अंगाला लागलं होतं. खालून कातळ होता, त्यामुळे वारा लागलाच नाही. तागाने पाणी धरून ठेवलं होतं. बनूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी जिथे हात लावला, तिथे मी खरोखर कोरडा होतो.

मला परत खोलीत अंथरलं. आता खाली शहाबादी होती. आतल्या ओलीला कुठूनच वाट राहिली नाही. चौथ्या दिवशी त्या ओलीत बुरशी धरली आणि माझ्या पोटातून वास यायला लागला.

पहिल्या दिवशी वेणूताईंनी खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी उदबत्ती लावली. तिसऱ्या दिवशी फिनेलच्या पाण्याने मला पुसलं. हरिचंद्रांनी साबणाच्या कारखान्यातल्या मित्राकडून लिंबाच्या वासाचं सेंट आणलं, ते बादलीभर पाण्यात घालून माझ्यावर शिंपडलं आणि मोठा श्वास घेतला.

"कसं वाटतं?" वेणूताईंनी विचारलं.

"भिजलेल्या कुत्र्याने लिंबू खाल्ल्यासारखं," हरिचंद्र म्हणाले आणि नाक धरून बाहेर गेले.

दोघंही मनापासून झटत होते. पण प्रत्येक उपायाबरोबर माझ्या पोटात आणखी थोडं पाणी जात होतं.

मुलं घरी जाऊन सांगू लागली. आया दाराशी जमू लागल्या. एके सकाळी बनूबाई वेणूताईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "राग मानू नकोस. पण ही वाडीवरची पोर येते, तिचाच वास आहे हा."

"ती जूनपासून येतेय, काकी. वास आत्ता सुरू झाला."

"जूनमध्ये पाऊस होता. भिजत यायची, धुऊन निघायची."

"गालिच्याचा तर नसेल?"

"गालिच्याचा? धुतलाय तो! तूच होतीस ना नदीवर? तिघीजणी म्हणतात, ती बसणार असेल तर आमची मुलं आम्ही घरी ठेवतो. मग बस तू तिला एकटीला शिकवत."

मी जमिनीवर पडून हे ऐकत होतो. धुतलेल्या वस्तूला वास येत असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. वाडीवरच्या मुलीला येत असेल, हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मला होता फक्त वास, आणि त्याचा अर्थ कुणी बरोबर लावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दाराजवळ एक गोणपाट अंथरलेलं होतं.

"सोनी, तू आज इथे बस हं," वेणूताई म्हणाल्या. "इथे वारा छान येतो."

सोनी बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ताई, माझं फूल?"

वेणूताई फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिल्या.

चार दिवस सोनी गोणपाटावर बसली. मुलं पाकळ्या मोजत, तेव्हा तीही दारातून मान उंच करून मोजायची. तिथून तिला अकराच दिसत. अकराला ती थांबायची, आणि बाकीची मुलं पुढे जायची.

पाचव्या दिवशी आवडी नेहमीपेक्षा लवकर आली. मोळी विकली गेली होती, हात मोकळे होते. तिने दारातलं गोणपाट पाहिलं, मग माझ्यावर बसलेली सतरा मुलं पाहिली.

"बाय, माझी पोर दारात का?"

वेणूताई बोलण्याआधी, चंदूला न्यायला आलेल्या बनूबाईच बोलल्या. "अगं, वास येतो तिच्या अंगाला. जरा आंघोळ घालत जा पोरीला."

आवडीने आवाज चढवला नाही. "वास येतो, खरं हाय. मी त्येच इचाराया आले. सकाळी वहाळावर घासून न्हाऊ घालते, तवा वास नसतो. दुपारी हितनं घरी नेते, तवा असतो. आमच्या घरात ह्यो वास नाय, बाय. पोर तुमच्याकडनं आणते."

आवडी पुढे आली, सोनीच्या कोपऱ्याशी उकिडवी बसली आणि तिने माझी कड उचलली. तिने माझ्या लोकरीवरून हात फिरवला नाही. हात सरळ माझ्या खाली घातला, ताग चिमटीत धरून चोळला आणि बोटं नाकाला लावली.

"ह्यो ओल्या पेंढ्याचा वास. पेंढा ओला रचला का उडवी वरनं सुकी दिसते, आत हात घातला का वाफ. हे वाळलंच नाय."

"वाळलं नाही कसं?" बनूबाई उसळल्या. "मी स्वतःच्या हाताने धुतलाय!"

"धुतलाव ना. म्हणून तर ओला हाय."

आवडी उठली आणि तिने सोनीचा हात धरला. वेणूताई दारापर्यंत मागे गेल्या. "उद्या पाठवाल ना तिला?"

"गोणपाट आमच्या घरी बी हाय, बाय," आवडी म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सोनी आली नाही. वास मात्र होता.

वेणूताई बारावीपर्यंत सायन्स शिकल्या होत्या. कुंडीतल्या रोपावर काचेची हंडी उपडी ठेवायची आणि आतून जमणारे थेंब बघायचे, हा प्रयोग त्यांनी वहीत नीट आकृती काढून लिहिला होता. त्या दिवशी तो त्यांना आठवला. त्यांनी माझा कोपरा दाराच्या उन्हात ओढून उलटा केला. काचेचे दोन पेले आणले. एक माझ्या तागावर उपडा ठेवला आणि दुसरा शेजारच्या कोरड्या फरशीवर. मग सगळ्या मुलांना गोल बसवलं.

पाव तास झाला. फरशीवरचा पेला होता तसाच स्वच्छ. माझ्यावरचा आतून धुरकट झाला, मग त्यात बारीक थेंब जमले आणि एक थेंब ओघळला.

"आई, ये ना बघायला!" चंदू ओरडला. "गालिच्याला घाम आला!"

बनूबाई आल्या. त्यांनी दोन्ही पेले पाहिले, स्वतःच्या हाताने उचलून पाहिले. माझ्यावरच्या पेल्यात बोट घालून ते नाकाशी नेलं. मग चंदूचा हात धरून घरी गेल्या.

संध्याकाळी हरिचंद्र म्हणाले, "टाकून देऊ. मी कंपनीत विचारतो, दुसरं काहीतरी मिळेल."

वेणूताई म्हणाल्या, "टाकला तर वास जाईल. पण तो कुणाचा होता, ते राहून जाईल. लोक म्हणतील, सोनी गेली आणि वास गेला."

मित्रांनो, मी वाचलो तो या एका वाक्यामुळे. माझ्या किमतीमुळे नाही.

वेणूताई त्याच संध्याकाळी वाडीवर जाऊन आल्या. तिथे काय झालं ते मी पाहिलेलं नाही. परत आल्यावर त्या हरिचंद्रांना सांगत होत्या, ते ऐकलं. त्यांनी माफी मागितली, तेव्हा आवडी म्हणाली होती, "मला तुमी सगळ्यांम्होरं ऐकवलंत. आता हितं एकटीला काय सांगता? सगळ्यांम्होरंच सांगा." आणि मग, त्या निघताना, "वाळवायचं आसंल तर भुईवर टाकू नका. उचलून टाका. पाठ उन्हाला द्या."

सकाळी हरिचंद्रांनी अंगणात दोन खाटा जोडून मांडल्या आणि मला पालथं घातलं. माझी पाठ वर आली, आणि पोटाखालून वारा वाहू लागला. बाजेच्या सुंभातून येणारा तो वारा मला अजून आठवतो.

आया मुलांना सोडायला आल्या. आवडी कुंपणापलीकडे डोक्यावर मोळी घेऊन उभी होती, आणि तिच्या लुगड्याला धरून सोनी. वेणूताई अंगणात सगळ्यांसमोर आल्या. मग त्या म्हणाल्या, "वास या गालिच्याचा होता. तो ओला राहिला, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सोनीचा काही दोष नव्हता. तिला मी गोणपाटावर बसवलं. मला शंका होती, तरीही बसवलं. ते माझं चुकलं."

बनूबाई दारात गेल्या. त्यांनी ते गोणपाट उचललं, झटकलं, त्याची चौपदरी घडी केली आणि माझ्याखालच्या एका खाटेच्या पायाखाली सरकवली. "ही खाट डुगडुगते केव्हाची," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "आणि दुपारी हाक मारा. याची बाजू बदलायला लागेल, एकीला उचलायचा नाही."

आवडीने सोनीला मात्र लगेच सोडलं नाही. "आधी वाळू दे," म्हणाली.

तीन दिवस ऑक्टोबरचं ऊन खाल्लं. दर दोन तासांनी बनूबाई आणि वेणूताई मला उलटवत. संध्याकाळी दव पडण्याआधी मला उचलून आत दोरीवर टाकत. रोज दुपारी आवडी कुंपणातून आत येई, माझ्या तागात हात घाली आणि म्हणे, "आजून नाय." तिसऱ्या दिवशी ती काहीच बोलली नाही. तेव्हा वेणूताईंनी दोन पेले आणले. पाव तास सगळे उन्हात उभे राहिले. दोन्ही पेले स्वच्छ होते.

आवडीने सोनीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं.

मला खोलीत अंथरलं, तेव्हा माझ्याखाली लाकडी फळ्या होत्या आणि फळ्यांमध्ये वाऱ्याला वाट होती. सोनी आधी आपल्या फुलापाशी गेली नाही. ती मधोमध आली आणि बोट ठेवत गोल फिरली. अकराला क्षणभर थांबली. मग पुढे गेली.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. सोनी सातवीत आहे, आणि तिचा धाकटा भाऊ कान्हा भिंतीलगतच्या फुलावर बसतो. घट बसायच्या आधी मला आता नदीवर नेत नाहीत. अंगणात दोरीवर टाकून काठीने झोडतात, धूळ झाडतात. मुलांपैकी कुणी पाणी सांडलं, तर सुक्या फडक्याने टिपून मला लगेच खाटेवर घालतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला धुतल्यावर वरून हात लावून सोडू नका. त्याच्या खाली हात घाला. त्याच्या पाठीला ऊन द्या आणि पोटाला वारा. आणि कुठे कधी वास आला, तर माणसाचं नाव घेण्याआधी, जे नुकतंच धुऊन पुसून अंथरलंय ते एकदा उचलून बघा. मला बोलता येत नव्हतं. सोनीला येत होतं, पण तिला कुणी विचारलं नाही.

कालच पुन्हा घटाच्या आधीची झाडझूड झाली. शाळेतून येताना सोनी आत आली. कुणी न सांगता तिने मांडणीवरचे दोन पेले काढले, एक खाटेवर पालथ्या घातलेल्या माझ्या पाठीवर ठेवला, एक फरशीवर, आणि दप्तर मांडीवर घेऊन उन्हात बसली. पाव तासाने तिने दोन्ही पेले उजेडाकडे धरून पाहिले आणि आत बघून हाक मारली, "ताई, अंथरू का?"